शिकत्या पोरीकडून जेवणाचे पैसे घ्यायचे का?

हॉस्पिटलमध्ये, आमच्या वॉर्डात, चहाच्या वेळेला विषय निघाला आणि मी जरा बावचळलेच. माझ्याबरोबरची एक हेल्थकेअर असिस्टंट, इथलीच, इंग्लंडमधल्या बोल्टनमध्येच जन्मलेली, सहज म्हणाली की आमची धाकटी आता शनिवारी दुकानात लागलीय तर मी तिच्याकडून आठवड्याला तीस पौंड बोर्ड घेते. मुलगी १७ वर्षांची, अजून कॉलेजात. मी विचारलं कसलं बोर्ड, म्हणजे आपल्याकडे बोर्ड म्हटलं की दहावी-बारावी आणि बोर्डिंग म्हटलं की हॉस्टेल, तर ती म्हणाली अगं राहण्याजेवणाचे. स्वतःच्या आईला.

आमची पण १७ ची. सिक्स्थ फॉर्म कॉलेजला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीला आहे आणि नोव्हेंबरपासून एका कॅफेत कामाला जाते. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला बरोबरच आहे की, पैशाची किंमत कळते. माझ्या तोंडून पटकन निघालं, मी काय खाणावळ चालवते का? बोलून गेले आणि मग लक्षात आलं की खाणावळ चालवणारी बाई तर आमच्याच घरात होती. तिच्यावर नंतर येते. आधी हा बोर्डचा प्रकार नीट सांगते, कारण इकडे आलेल्या आपल्या बऱ्याच घरांत मुलं आता १६-१७ ची झालीत, शनिवार-रविवार कामं करतायत, आणि हा प्रश्न आज ना उद्या निघणारच. आकडे सगळे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे देतेय, त्यातले बरेच दर वर्षी बदलतात हे लक्षात ठेवा.

तर बोर्ड म्हणजे कमावत्या मुलाने आईबापाच्या घरी राहताना दर आठवड्याला ठरावीक रक्कम घरात द्यायची. कोणी कीप म्हणतं, स्कॉटलंडमध्ये डिग्ज म्हणतात. शिक्षण संपून फुलटाइम नोकरीला लागलेल्या पोराकडून घ्यायचे की नाही यावर इथे फार कोणी वाद घालत नाही, घेतात. वाद आहे तो मधल्या मुलांचा, जी शिकतायत पण आणि कमावतायत पण. इंग्लंडमध्ये १६ ला शाळा संपली तरी १८ पर्यंत काहीतरी शिक्षण किंवा ट्रेनिंग चालू ठेवावंच लागतं, त्यामुळे १७ वर्षांची मुलगी उद्या म्हणाली की घरी पैसे द्यायचेत म्हणून कॉलेज सोडते आणि पूर्णवेळ कामाला लागते, तर तसं सरळ करता येत नाही, अप्रेंटिसशिप वगैरे काहीतरी जोडावं लागतं. थोडक्यात ही मुलं मोठ्यांच्या रांगेत अजून उभीच नाहीयेत, नुसती खिडकीतून डोकावतायत.

या भागात ही रीत मात्र जुनी. लँकेशायर म्हणजे कापडगिरण्यांचा मुलूख, आणि इथल्या कामगार घरांत पोरांनी पगाराचं पाकीट न उघडता आईच्या हातात द्यायचं अशी पद्धत होती. त्याला इथे टिप अप करणं म्हणायचे. मग आई त्यातून खर्चायला थोडे परत द्यायची. आपल्याकडे पहिला पगार देवापुढे ठेवून आईच्या हातात देतात त्याचीच बहीण म्हणा, फक्त इथे ती दर आठवड्याला यायची. आणि त्याच्याही आधी हाफ-टायमर नावाचा प्रकार होता, म्हणजे बारा वर्षांचं पोर अर्धा दिवस गिरणीत, अर्धा दिवस शाळेत. सकाळी सहाला गिरणीत गेलेलं पोर दुपारी वर्गात बसून झोपायचं, मास्तर लोक तक्रारी करून दमले. हे बंद करायचा कायदा १९१८ साली झाला, आणि गंमत म्हणजे (गंमत कसली, पण तरी) त्याच्या आधी कित्येक वर्षं याला विरोध करणाऱ्यांत मालकांच्या जोडीला कामगारांच्या युनियन पण होत्या, कारण पोराचे ते चार शिलिंग घरात लागत होते. म्हणजे शिकत्या पोराच्या कमाईवर घराचा हक्क किती, हा वाद इथे शंभर वर्षांपेक्षा जास्त चाललाय, आमच्या वॉर्डच्या किचनमध्ये काही तो नव्याने सुरू झाला नाही.

आता आजीकडे येते. आईची आई, लालबागला दोन खोल्यांत खाणावळ चालवायची. गिरणगावात अशा बायका घरटी म्हणाव्या इतक्या होत्या, गावी बायकापोरं ठेवून आलेले कोकणातले आणि घाटावरचे गिरणी कामगार त्यांच्याकडे दोन वेळ जेवायचे. (या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच भागात.) आजीकडे एक लांबट वही होती, प्रत्येक मेंबरचं एक पान, तारखा, आणि जेवला नाही त्या दिवशी फुली. त्या फुलीला खाडा म्हणायचे, अजूनही पुण्यातल्या मेसवाल्या पोरांना खाडा शब्द बरोबर माहीत असतो. महिनाअखेरीला खाडे वजा जाऊन हिशेब. स्वच्छ व्यवहार, आजी त्यात कुणाचं ऐकायची नाही.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार घरी बसले, आणि आजीचे मेंबर एकेक करून गावाला निघून गेले. आजोबा पण गिरणीतच. तेव्हा माझा मामा सतरा वर्षांचा होता, दिवसा एका छापखान्यात बाइंडिंगच्या कामाला आणि रात्री नाइट स्कूलमध्ये दहावीला. छापखान्याचा सगळा पगार आजीच्या हातात, बसला आणि चहाला म्हणून आजी त्यातून नाणी मोजून परत द्यायची. जवळजवळ दोन वर्षं घर त्यावर चाललं. ती वही माझ्या आईकडे अजून आहे, हळदीचे डाग पडलेली, मी दोनदा पूर्ण चाळलीय. त्यात मेंबरांची पानं आहेत, उधारीची पानं आहेत, गावाला गेलेल्या आणि पैसे बुडवलेल्यांच्या नावापुढे काही न लिहिता नुसती रेघ आहे. मामाचं पान नाही. ज्याच्या पैशावर चूल पेटत होती त्याचं नावच त्या वहीत नाही, कारण तो मेंबर नव्हता, मुलगा होता.

मला या सगळ्या प्रश्नात जे म्हणायचंय ते एवढंच आहे खरं तर. घराला पोराच्या पैशाची गरज असेल तर घ्या, खुशाल घ्या, पण ती मदत म्हणून घ्या आणि तसं त्याला सांगा. जेवणाचा दर लावून घेऊ नका. दर लावला की वही आली, आणि वही आली की खाडा आला. हे मी तत्त्वज्ञान म्हणून नाही सांगत, आमच्या पोरीने ते दोन मिनिटांत काढलं. नवऱ्याने तिला तीस पौंडाचं बोलून दाखवलं तर ती म्हणाली ओके बाबा, पण मंगळवारी आणि गुरुवारी मी कॉलेजमध्ये जेवते, शनिवारी कॅफेत मला खायला मिळतं, मग त्याचे किती कमी करणार? आणि मग माझ्या खोलीत न विचारता यायचं नाही, भाडं देतेय ना मी. तिला खाडा शब्द माहीत पण नव्हता. नवरा गप्प.

आता पैशाचा हिशेब बघू, कारण तीस पौंड ऐकायला कमी वाटतात. १८ च्या आतल्या मुलांचं कमीत कमी वेतन तासाला ७.५५ पौंड, १८ ते २० ला १०, आणि २१ च्या पुढे १२.२१. आमची तेव्हा शनिवारी आठ तास आणि बुधवारी संध्याकाळी चार तास करायची, म्हणजे बारा तासांचे ९०.६०. टॅक्स नाही, कारण वर्षाला १२,५७० पर्यंत तो लागत नाही, आणि नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापतात ती सरकारी विम्याची वर्गणी) आठवड्याला २४२ च्या वर कमावलं तर, त्यामुळे ते पण नाही. आता यातून तीस पौंड घरात घ्यायचे तर भागाकार करा, जवळजवळ चार तास होतात. म्हणजे बुधवारची अख्खी शिफ्ट. कॉलेजवरून दमून येऊन, एप्रन बांधून, रात्री नऊपर्यंत टेबलं पुसायची ती फक्त आईला पैसे द्यायला. आणि बुधवारची शिफ्ट जर गेली, म्हणजे परीक्षा आली म्हणून तिने सोडली, तर बोर्ड द्यायला शनिवारच्या पैशातून काढायचे. पोरगी काय करेल सांगा, शिफ्ट सोडणार नाही, अभ्यास सोडेल. तेच पैसे २१ वर्षांचा पोरगा अडीच तासांत कमावतो. बोर्ड किती असावं यावर लोक पगाराचा तिसरा हिस्सा, चौथा हिस्सा असं बोलत बसतात, मला वाटतं शिकत्या मुलाच्या बाबतीत पौंड नाही तर तास मोजले पाहिजेत. आठवड्यातले किती तास तुम्ही घेताय?

कायद्याने १६-१७ ची मुलं दिवसाला आठ आणि आठवड्याला चाळीस तासांपर्यंत काम करू शकतात, पण ते वरचं टोक आहे, कॉलेज सांभाळून कोणाला जमत नाही. शाळेतली १६ च्या आतली असतील तर शाळा चालू असताना आठवड्याला बाराच तास, आणि कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं परमिट लागतं, ते तर सोडूनच द्या, तेरा-चौदा वर्षांच्या पोराकडून पेपर टाकण्याच्या पैशातला हिस्सा मागणारा बाप मला अजून भेटायचाय.

दुसरी गोष्ट, आणि ही खूप आईवडिलांच्या लक्षात येत नाही. या पोरांना पोसायचे पैसे सरकार तुम्हाला देतंय. चाइल्ड बेनिफिट. पहिल्या मुलाला आठवड्याला २६.०५ आणि पुढच्या प्रत्येकाला १७.२५. १६ नंतर पण मिळतं, मान्यताप्राप्त फुलटाइम शिक्षण चालू असेल तर थेट २० व्या वाढदिवसापर्यंत, ए-लेव्हल, टी-लेव्हल हे बारावीच्या तोडीचे कोर्स सगळे त्यात बसतात, युनिव्हर्सिटी बसत नाही. फक्त कळवावं लागतं, मूल १६ चं झालं की पत्र येतं त्याला उत्तर द्या, नाहीतर ३१ ऑगस्टला गुपचूप बंद होतं आणि मग ऑक्टोबरमध्ये बँकेचं स्टेटमेंट बघून डोक्याला हात. आईबापापैकी कोणाचं उत्पन्न ६०,००० च्या वर असेल तर त्यातलं काही परत द्यावं लागतं आणि ८०,००० ला सगळंच, ते वेगळं. पण मुद्दा असा की मुलगी शनिवारी काम करते म्हणून हे बेनिफिट कमी होत नाही. युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणारी सरकारी मदत, घेणाऱ्या घरात पण तसंच, मूल अवलंबून धरलं जातंय तोवर त्याचा स्वतःचा पगार आईबापाच्या हिशेबात मोजत नाहीत. घरात मोठं मूल आहे म्हणून भाड्याच्या मदतीतून कापायचं ते पण २१ च्या पुढे. कौन्सिल टॅक्सला (आपल्या घरपट्टीसारखा कर, घरात एकच मोठं माणूस असेल तर त्यात सूट) १८ च्या आतले धरतच नाहीत, आणि १८-१९ चं पोर अजून कॉलेजात असेल तर ते पण नाही, म्हणजे एकट्या आईची २५ टक्के सूट शाबूत राहते. सगळीकडून बघा, सरकारच्या वहीत हे मूल अजून तुमच्या ताटातलं आहे. ते २६ पौंड घ्यायचे आणि वर पोरीकडून तीस पण घ्यायचे, तर त्याला मी तरी शिस्त म्हणणार नाही, तो डबल पगार झाला.

कायदा काय म्हणतो हे पण विचारतात. बोर्ड मागायला बंदी नाही. पण पोराने नाही दिलं तर कोर्टात जाऊन वसूल करता येईल अशी आशा धरू नका, घरातल्या बोलण्याला इथली कोर्टं साधारणपणे करार मानत नाहीत. यावर एक प्रसिद्ध केस आहे, जोन्स विरुद्ध पॅडावॅटन, १९६० च्या दशकातली. त्रिनिदादची आई आणि तिची मुलगी, मुलगी वॉशिंग्टनला चक्क आपल्या भारतीय दूतावासात सेक्रेटरी. आई म्हणाली नोकरी सोड, लंडनला जाऊन बॅरिस्टर हो, मी महिन्याला दोनशे डॉलर देते. मुलीला वाटलं अमेरिकन डॉलर, आईच्या मनात होते वेस्ट इंडियन, तिथूनच सुरुवात! मग आईने लंडनमध्ये घर घेतलं, मुलगी त्यात राहिली, परीक्षा काही संपेनात, आणि शेवटी आईने घर परत मागितलं. कोर्टाने सांगितलं की हा करार नव्हताच, मायलेकींमधला घरगुती ठराव होता. इथे पैसे उलट्या दिशेने जात होते, पण आपल्या कामाचा भाग तोच. घरात जे ठरतं ते विश्वासावर चालतं, म्हणून निदान कुठले डॉलर तेवढं तरी स्पष्ट बोला.

आणि पैसे दे नाहीतर घराबाहेर हो हे १६-१७ च्या मुलाला बोलायची सोयच नाही, आणि बोलूही नये. या वयाचं मूल बेघर झालं तर कौन्सिलच्या मुलांच्या विभागाला त्याची जबाबदारी घ्यावी लागते, आणि ते पहिल्यांदा तुमच्याच दारात येतील.

बरं मग पैशाची किंमत कशी कळणार, हा नवऱ्याचा मुद्दा राहतोच, आणि तो चुकीचा नाहीये. महिन्याला साडेतीनशे-चारशे पौंड हातात आणि खर्च शून्य, असं पोर उद्या एकटं राहायला गेलं की पहिल्या लाइटबिलाला चक्कर येईल. पण किंमत कळायला पैसे आईलाच दिले पाहिजेत असं कुठे आहे. तिचे स्वतःचे जे खर्च आहेत ते तिच्याकडे सोपवा. आम्ही फोनचं बिल, कपडे, मैत्रिणींबरोबरचं खाणंपिणं हे सगळं तिच्याकडे दिलं. बस पण देणार होतो पण ग्रेटर मँचेस्टरमध्ये १६ ते १८ च्या मुलांना दहा पौंडात आवर पास मिळतो आणि मग बस फुकट, तो खर्च राहिलाच नाही. पहिल्याच महिन्यात फोनचं पॅकेज तिने स्वतःहून स्वस्तातलं घेतलं. मी दोन वर्षं बोंबलत होते.

काही आईबाप बोर्ड घेतात आणि न सांगता बाजूला ठेवतात, मग पोर २१-२२ चं झालं की सगळी रक्कम त्याच्या हातात, बघ तुझ्यासाठीच जमवत होतो. ऐकायला फार छान आहे, पण मला ते जरा फसवल्यासारखं वाटतं. दोन-तीन वर्षं त्या पोराने मनात धरलेलं असतं की घरात पैशाची ओढाताण आहे, त्यासाठी त्याने शिफ्ट घेतलेल्या असतात, ट्रिप सोडलेल्या असतात. बचतच करायचीय तर उघड करा. १८ पूर्ण झाले की लाइफटाइम आयसा नावाचं बचत खातं उघडता येतं, वर्षाला ४,००० पर्यंत भरा, सरकार वर २५ टक्के घालतं, पुढे पहिलं घर घेताना कामाला येतं. (पहिलं घर किंवा वयाची साठी ही कारणं सोडून मध्येच काढलात तर दंड आहे, तो बोनसपेक्षा जास्त जातो, हे तिला आधीच सांगा.)

खरी अडचण असलेल्या घरांचं काय? तिथे मी कोण सांगणार. मामाचं तेच झालं होतं. इंग्लंडमध्ये मध्ये काही वर्षं अशा घरांतल्या मुलांना शिकत राहावं म्हणून आठवड्याला तीस पौंडापर्यंत भत्ता मिळायचा, एज्युकेशन मेंटेनन्स अलाउन्स, आणि तो मुलाच्या स्वतःच्या खात्यात यायचा, आईच्या नाही. २०११ मध्ये इंग्लंडने तो बंद केला, स्कॉटलंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडमध्ये अजून आहे. अशा घरात पोर पैसे देत असेल तर माझं एकच म्हणणं, त्याला बिलं दाखवा. गॅसचं किती, भाडं किती, कमी किती पडतंय. आजीने मामाला वही दाखवली होती, कोण गेलं, कोणाचे बुडले, सगळं. त्याला माहीत होतं पगार कुठे जातोय. आणि परिस्थिती सुधारली की घेणं थांबवा. आजीने दोन मेंबर परत आल्यावर पहिल्यांदा मामाला चप्पल घ्यायला लावली होती, हे तो अजून सांगतो.

युनिव्हर्सिटीचं गणित मात्र वेगळं आहे आणि आमचं घोडं आता तिथे अडलंय. सप्टेंबरात ती बहुतेक मँचेस्टरला जाईल, घरून जाऊन येऊन. चाइल्ड बेनिफिट बंद होईल. आणि राहण्याखाण्यासाठी तिला मेंटेनन्स लोन मिळेल, २०२५-२६ च्या दराने घरी राहणाऱ्याला वर्षाला जास्तीत जास्त ८,८७७ पौंड, बाहेर राहिली तर १०,५४४, लंडनला गेली तर १३,७६२. आम्हा दोघांचे पगार बघून त्यातलं कमीच होईल. हा आकडा जास्तीत जास्त धरला तरी घरी राहणाऱ्याला बाहेरच्यापेक्षा सोळाशे-सतराशे पौंड कमी, म्हणजे तेवढा भार आईबाप उचलतील हे सरकारने गृहीतच धरलंय. नवरा म्हणतो लोन राहण्याखाण्यासाठीच आहे ना, मग आता तरी आठवड्याला पंचवीस घेऊ. मी म्हणते तो तिचा पगार नाहीये, कर्ज आहे, २५,००० च्या वरच्या कमाईवर नऊ टक्के कापत चाळीस वर्षांपर्यंत तिला फेडायचंय, आणि त्यातले पैसे आपण आपल्याच पोळीभाजीचे घ्यायचे? त्यापेक्षा तिला म्हणावं कर्ज कमी उचल. त्यावर त्याचं म्हणणं की कमी उचललं तर उद्या तिला काही लागलं तर कुठून आणणार, हा मुद्दा पण खोडता येत नाही मला.

तीस पौंडाचं मात्र मिटलं. बुधवारची शिफ्ट तिने मार्चपासून सोडली, ए-लेव्हल जवळ आल्या म्हणून, आणि त्या संध्याकाळी स्वयंपाक तिच्याकडे. बहुतेक वेळा खिचडी किंवा पास्ताच असतो. गेल्या बुधवारी नवरा ऑफिसच्या लोकांबरोबर बाहेर जेवून आला आणि आधी कळवलं नव्हतं, तर सकाळी फ्रिजवर तिच्या वाकड्यातिकड्या देवनागरीत चिठ्ठी, बाबा, खाडा आदल्या दिवशी सांगायचा. शब्द मीच शिकवला होता.